ट्रेंड बघून स्किल ठरवायचं म्हणजे नक्की बघायचं काय?

कोरीपाटी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. बहुतेक मॅन्युअल, आणि ऑटोमेशन म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्ट चालवायच्या आणि लाल दिसलं, म्हणजे टेस्ट फेल झाली, की त्याला हाक मारायची एवढंच. २०२१ मध्ये जो तो ब्लॉकचेन ब्लॉकचेन करत होता म्हणून कोर्स घेतला, तो चाळीस टक्क्यांवर अडकला तो अडकलाच. त्याच वर्षी ऑक्टोबरात फेसबुकने कंपनीचं नाव बदलून मेटा केलं तेव्हा वाटलं झालं, आता मेटाव्हर्स, म्हणजे ते आभासी थ्रीडी जग, तेच येणार, म्हणून थ्रीडी गेम बनवायचं युनिटी इन्स्टॉल केलं, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. २०२३ मध्ये प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग, म्हणजे एआयला नीट सूचना लिहायचं शास्त्र. त्याचं सर्टिफिकेट मात्र आहे बरं का. आता बघावं तिकडे एजंट, म्हणजे आपणहून कामं करणारं एआय.

ब्राउझरमध्ये 'नंतर बघू' नावाचं फोल्डर आहे, त्यात दोनशेच्या वर लिंका साठल्यात. रोज रात्री झोपायच्या आधी तासभर टेकच्या बातम्या आणि व्हिडिओ बघतो, म्हणजे ट्रेंड ट्रॅक करत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही, पण ते करून झोप उडते आणि हाताला काही लागत नाही. गार्टनर कंपनीचा तो डोंगर-दरीचा आलेख पण बघून झाला, हाइप सायकल, म्हणजे नव्या टेक्नॉलॉजीचा गाजावाजा कसा चढतो-उतरतो ते, पण एखादी गोष्ट आत्ता डोंगरावर आहे की दरीत हे कळून मी सोमवारी सकाळी काय शिकायला बसू ते कळत नाही. आणि मध्येच कुठेतरी वाचलं की ९ कोटी २० लाख नोकऱ्या जाणार, मग तर दोन दिवस कामातच लक्ष लागलं नाही.

तर प्रश्न असा की तुम्ही लोक काय बघता? आणि बघून ठरवता कसं? आठवड्याला फार तर पाच तास निघतात माझे.

तळ्यातमळ्यात:

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझं फोल्डर 'वेळ मिळाला की' या नावाने आहे, आकडा सांगत नाही.

खडूसकाका:

कोरीपाटी, तुझी यादी वाचून हसलो नाही कारण माझी याहून लांब आहे.

मी फ्लॅशवाला. ॲक्शनस्क्रिप्ट, म्हणजे फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा. आता नव्या पोरांना फ्लॅश म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागतं. तेव्हा वेबवर काहीही हलताना दिसलं की ते बहुतेक फ्लॅशमध्ये केलेलं, आणि ते हलवणारे आम्ही, त्यामुळे डोक्यात हवा होती. २००७ मध्ये आयफोन आला, त्यावर फ्लॅश चालत नव्हतं, आम्ही म्हटलं नुकसान त्यांचंच. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने उघड पत्र लिहिलं की आम्ही फ्लॅश का घेणार नाही, बॅटरी, सिक्युरिटी, टचस्क्रीन, सगळं मुद्देसूद. मी ते पत्र वाचलं आणि एका फोरमवर त्याला हे लांबलचक उत्तर ठोकलं, ज्याला सतरा लोकांनी वा वा केलं, सगळे फ्लॅशवालेच. नोव्हेंबर २०११ मध्ये खुद्द ॲडोबीनेच मोबाइल ब्राउझरसाठी फ्लॅश प्लेअर पुढे बनवणं थांबवलं. तरी मी तिथेच ठाण मांडून. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालं की २०२० च्या शेवटी कायमचं बंद, तेव्हा कुठे बूड हललं.

आता यातली मेख सांगतो. या सगळ्या बातम्या मी त्या त्या दिवशी वाचलेल्या होत्या, एकही सुटली नव्हती. ट्रेंड मला माहीतच नव्हता असं अजिबात नाही. माझ्याकडून बघायच्या राहिल्या त्या क्लायंटच्या मेल. जॉब्सचं पत्र आलं त्याच सुमारास एका क्लायंटची मेल आली की साईट मस्त झालीय पण माझ्या फोनवर मधोमध नुसता कोरा चौकोन दिसतोय. मी उत्तर दिलं, साहेब कॉम्प्युटरवर बघा. दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्याची मेल, तोच कोरा चौकोन. मग तिसरा. हे तिघं काही टेकच्या बातम्या वाचणारे नव्हते, त्यांना आपली साईट फोनवर दिसायला हवी होती बस. मेलबॉक्समध्ये 'फोन' एवढा एक शब्द सर्च केला असता तरी दीड-दोन वर्षं वाचली असती.

आणि बुडालं ते सगळंच बुडालं असंही नाही. चेंडू खाली येताना वेग धरतो, टेकतो, वर जाताना वेग सोडतो, हे टाइमलाइनवर एकेक फ्रेम मोजत शिकलेलो. आज तेच सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपेज कसं दिसेल ते सांगायच्या भाषेत, एका ओळीत लिहितात, पण त्या ओळीत आकडे कुठले टाकले की चेंडू चेंडूसारखा वाटेल ते हाताला आधीच माहीत होतं. ॲक्शनस्क्रिप्टचं सिंटॅक्स मात्र पार गेलं, आठवतही नाही.

शून्य_प्रहर:

काकांचं पटलं, पण कोरीपाटीकडे क्लायंट कुठे आहेत, त्याला कोरा चौकोन कोण दाखवणार? माझं मत, जाहिराती. नोकरीच्या जाहिराती.

मी टेस्टिंगच्या मुलाखती घेतो आणि टीमसाठी जाहिराती लिहितोही, म्हणून आतली गोष्ट सांगतो. जाहिरातीत दोन भाग असतात, एक 'आवश्यक' आणि एक 'असल्यास उत्तम'. 'आवश्यक' कोण लिहितं? जो टीम लीड सध्या मान मोडून काम करतोय तो, कारण मागचा माणूस सोडून गेलाय आणि त्याच्या वाटचं काम तुंबलंय. 'असल्यास उत्तम' कोण लिहितं? आमच्याकडे तरी बरेचदा वरचे साहेब, जे परवा एखाद्या कॉन्फरन्सला जाऊन आलेत. म्हणजे पहिल्या भागात दुखणं असतं आणि दुसऱ्या भागात हौस. तू आजवर जे जे शिकायला घेतलंस ना, ते सगळं दुसऱ्या भागातलं आहे बघ.

तर असं कर, तुला जी पुढची नोकरी हवी आहे, आजची नाही, पुढची, तिच्या तीसेक जाहिराती एका शीटमध्ये चिकटव. एकच जाहिरात चार एजन्सी टाकतात, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच असते त्यावरून ओळखू येते, त्या उडव. मग शब्द मोज, दोन्ही भागांचे वेगवेगळे. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. जो शब्द 'असल्यास उत्तम' मधून सरकून 'आवश्यक' मध्ये आला, तो शिकायला घ्यायचा. जे शब्द दर वेळी 'आवश्यक' मध्येच असतात ते तर डोळे झाकून. आणि जे गायब होतात तेही लिहून ठेव, ते कळायला सगळ्यात उशीर होतो कारण नसलेल्या गोष्टीची बातमी कोणी देत नाही.

बाकी ते रँकिंगवाले प्रकार बघायला हरकत नाही पण कोण काय मोजतंय ते बघून. टिओबी इंडेक्स हे प्रोग्रॅमिंग भाषांचं रँकिंग सर्च इंजिनमध्ये एखाद्या भाषेचे किती रिझल्ट येतात त्यावर चालतं, नोकऱ्यांशी त्याचा थेट संबंध नाही. गूगल ट्रेंड्सवर ० ते १०० आकडे दिसतात ते खरे सर्च किती झाले ते नव्हेत, त्या काळातल्या सगळ्यात उंच टोकाला १०० धरून बाकीचं त्या हिशोबाने, त्यामुळे एखादी बारकी गोष्ट एकटी टाकली की तीही रॉकेटसारखी वर गेलेली दिसते. नेहमी एखाद्या जुन्या दणकट शब्दाबरोबर लावून बघ, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) बरोबर लाव, मग कळतं कोण किती पाण्यात आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साईटच्या सर्व्हेत रस्ट २०१६ पासून वर्षानुवर्षं लोकांची लाडकी भाषा म्हणून पहिली येत राहिली, पण रोज ती वापरणारे त्या मानाने थोडेच. आवड वेगळी आणि गरज वेगळी. थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीचा टेक्नॉलॉजी रडार मात्र मी वाचतो, २०१० पासून निघतोय, वर्षातून दोनदा येतो, आणि मुख्य म्हणजे त्यात अमुक गोष्टीपासून जरा जपून असंही सांगतात. हे घ्या ते घ्या सांगणारे ढिगाने आहेत, हे नको सांगणारे कमी.

तुझ्या क्षेत्रापुरतं बोलायचं तर ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारी दोन टूल, सेलेनियम २००४ चं, त्याचं वेबड्रायव्हर २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत स्टँडर्ड झालं, आणि प्लेराइट २०२० मध्ये आलं. मी मुलाखतीत दोन्हीपैकी काहीही चालवून घेतो. मी एक स्क्रिप्ट समोर ठेवतो ज्यात बटणावर क्लिक करायच्या आधी पाच सेकंद नुसतं थांबवून ठेवलंय आणि विचारतो हे पाच सेकंद इथे का आहेत. अर्धे लोक म्हणतात पेज स्लो असेल. ज्याला खरं कळतं तो म्हणतो, बटण दिसतंय पण अजून चालू झालेलं नाही, मागून डेटा यायचाय, आपण घड्याळाकडे नाही त्या बटणाच्या अवस्थेकडे बघून थांबायला पाहिजे. हे उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला टूल कुठलंही द्या.

रिकामटेकडा_सध्या:

माफ करा, पण जरा कडू बोलतो. 'टूल कुठलंही द्या, बेसिक पक्कं पाहिजे' हे म्हणणारे सगळे लोक नोकरीत असतात.

मी क्यूटीपीवाला, ते जुनं टेस्ट ऑटोमेशनचं टूल, म्हणजे नंतर त्याचं यूएफटी झालं ते. अकरा वर्षं. व्हीबीस्क्रिप्ट या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत टेस्टचं फ्रेमवर्क, म्हणजे सगळा सांगाडा, शून्यातून उभं केलेलं, माझ्या हाताखाली सहा जणं होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं व्हीबीस्क्रिप्ट हळूहळू विंडोजमधून काढणार. मला पाच सेकंद का आहेत ते माहीत आहे हो, झोपेत विचारलं तरी सांगेन, पण ते विचारायला मला कोणी समोर तर बसवलं पाहिजे ना? फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न, प्लेराइटचा अनुभव किती वर्षं. शून्य लिहिलं की दार बंद, पुढे माणूस येतच नाही. पाच महिने हेच चाललंय. शून्य_प्रहर, तुम्ही स्वतः चांगले असाल, पण तुमच्या आधी तो फॉर्म आहे, तो तुमचा नाही का?

त्यामुळे माझा सल्ला, नावं शिका. आधी नाव, मग तत्त्वज्ञान.

शून्य_प्रहर:

तुमचं बरोबर आहे आणि त्या फॉर्मबद्दल मला लाज वाटते, तो मी बनवलेला नाही पण मी कधी उघडून बघितलाही नव्हता. तुमचा प्रतिसाद वाचून काल बघितला. सात प्रश्नांपैकी पाच 'किती वर्षं' चे आहेत. बोलतो आतमध्ये, बदलेल की नाही सांगता येत नाही.

पण अकरा वर्षं फ्रेमवर्क लिहिलेल्या माणसाला प्लेराइटचं नाव मिळवायला सहा महिने लागणार नाहीत. तुमच्याच जुन्या टेस्टपैकी आठ-दहा डोक्यातून आठवून एखाद्या सरावासाठीच्या उघड्या वेबसाइटवर नव्याने लिहा, कंपनीचा कोड नको, गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दाखवायच्या साईटवर, टाका, आणि रिझ्युमेत खोटी वर्षं न लिहिता लिहा की व्हीबीस्क्रिप्टमधली रचना प्लेराइटमध्ये आणली, काय सोपं गेलं, काय अडलं. हा 'काय अडलं' चा भाग कोणी लिहीत नाही. मी तरी तो वाचून फोन केला असता.

रिकामटेकडा_सध्या:

'केला असता' 🙂 बघतो. पटण्यासारखं आहे तसं.

हिशेबी:

मी आयटीतली नाही, अकाउंट्समध्ये आहे, तरी लुडबुड करते.

आधी तो ९ कोटी २० लाखांचा आकडा. तो वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालातला आहे, आणि त्याच्याच शेजारी १७ कोटी नव्या नोकऱ्या तयार होतील असंही लिहिलंय, दोन्ही २०३० पर्यंतचे. मथळा करणाऱ्याने अर्धा आकडा उचलला. शिवाय ते अंदाज बऱ्याच अंशी जगभरातल्या हजारेक मोठ्या कंपन्यांना विचारून काढलेले, म्हणजे मालकांना काय वाटतं ते. त्यातच आणखी एक आहे, २०३० पर्यंत माणसाची ३९ टक्के मुख्य कौशल्यं बदलतील असं ते म्हणतात, आणि २०२३ च्या अहवालात हाच आकडा पुढच्या पाच वर्षांसाठी ४४ होता. म्हणजे मधल्या काळात एआयचा एवढा धुरळा उडूनही तो थोडा खालीच आलाय. हे तुमच्या कुठल्या व्हिडिओत सांगितलं का? तिथे आकडा नुसता खाली आला की कोणी बघत नसेल.

मी काय करते सांगू का, बातम्या बघतच नाही. मी जे सॉफ्टवेअर रोज आठ तास वापरते त्याचं अपडेट आलं की 'नवीन काय' असं एक पान उघडतं, जे सगळे घाईघाईने बंद करतात, ते मी वाचते. एक्सेलमध्ये व्हीलुकअपने, म्हणजे एका तक्त्यातली माहिती शोधून दुसऱ्यात आणायच्या फॉर्म्युलाने, आयुष्य गेलं होतं, कोणी मध्ये एक कॉलम घातला की सगळं बोंबलायचं आणि महिनाअखेरीला शोधत बसायचं कुठे फाटलंय ते. २०१९ मध्ये त्याच्या जागी एक्सलुकअप येणार म्हणून त्यांनी सांगितलं ते मी त्याच पानावर वाचलं, आणि आमच्या कॉम्प्युटरवर ते येईपर्यंत मला ते पाठ होतं. फायलींतला डेटा आपोआप एकत्र करणारी पॉवर क्वेरी तर २०१६ पासून एक्सेलच्या आत बसलेलीच होती, आमच्या ऑफिसात कोणी बटण दाबून बघितलं नव्हतं. दर महिन्याला बारा फायली एकत्र चिकटवायचं काम, अर्धा दिवस जायचा, ते आता रिफ्रेश दाबलं की होतं. लोक मला कॉम्प्युटरवाली म्हणायला लागले, मी काहीही भविष्यातलं शिकले नव्हते, चार वर्षं जुनं झालेलं शिकले होते.

आता नोंदी एआय करतं. ठीक आहे करू दे. पण परवा त्याने क्रेडिट नोट, जी विक्रीतून वजा व्हायला हवी, ती सरळ विक्रीत धरली, दिसायला सगळं स्वच्छ, बेरीज जुळलेली, चूक फक्त ज्याला धंदा माहीत आहे त्यालाच दिसणार. ती मला दिसली. कोरीपाटी दादा, तुमचं तर कामच चूक शोधायचं आहे, तुम्ही कशाला एवढे घाबरता?

तळ्यातमळ्यात:

हिशेबी ताई, ते 'नवीन काय' चं पान मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. कबूल.

माझी एक भर. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन म्हणाले होते की आता नवे रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे-स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं बंद करा, पाच वर्षांत डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं एआय, त्यांच्यापेक्षा चांगलं करेल, फार तर दहा. साधासुधा माणूस नाही, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेला, एआयमधला बापच. माझी मामेबहीण तेव्हा नेमकी रेडिऑलॉजी घ्यायची का याच विचारात होती, घरात महिनाभर तेच. तिने घेतली. आज तिच्याकडे मान वर करायला वेळ नाही, आणि एआय पण वापरते, स्कॅनमध्ये आधी कुठला बघायचा ते तो रांगेत लावून देतो. म्हणजे टेक्नॉलॉजी कुठे जाणार ते त्यांनी बरंचसं बरोबर सांगितलं, चुकलं ते नोकरीचं, कारण नोकरी म्हणजे नुसतं चित्र वाचणं नव्हतं, डॉक्टरशी बोलणं, जुन्या स्कॅनशी ताडून बघणं, सही करून जबाबदारी घेणं, हे त्यात धरलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाचं चुकलं तर तुझ्या त्या रात्रीच्या व्हिडिओवाल्यांचं काय घेऊन बसलास.

खडूसकाका:

तळ्यातमळ्यात, कधी नव्हे ते तुझ्याशी सहमत.

कोरीपाटी:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. उशीर झाला कारण रविवार पूर्ण जाहिराती चिकटवण्यात गेला.

तीस केल्या, त्यातल्या सात डुप्लिकेट निघाल्या, त्या चुकीच्या स्पेलिंगची खूण एकदम बरोबर होती, 'ऑटोमेशन' चं स्पेलिंग एकाने चुकवलेलं ते चार ठिकाणी तसंच. मग आणखी सात शोधल्या. ब्लॉकचेन, शून्य. मेटाव्हर्स, शून्य. प्रॉम्प्ट एका ठिकाणी, 'असल्यास उत्तम' मध्ये, एजंट दोन ठिकाणी, तेही तिथेच. आणि 'आवश्यक' मध्ये एपीआय टेस्टिंग (स्क्रीन सोडून, दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात ते तपासणं) आणि एसक्यूएल जवळजवळ सगळीकडे. एसक्यूएल! १९७० च्या दशकातली गोष्ट, मी कॉलेजात पाठ करून पास झालो आणि विसरलो. दोनशे लिंकांच्या फोल्डरमध्ये एसक्यूएलची एकही लिंक नाही, मुद्दाम शोधून बघितलं. प्लेराइट आणि सेलेनियम बऱ्याच ठिकाणी 'किंवा' लावून.

हिशेबी ताई, तुमचं वाक्य वाचून जरा ओशाळलो आणि बरं पण वाटलं. आमच्या बग ट्रॅकरमध्ये मागच्या वर्षीचे बग चाळले, काकांनी मेलबॉक्स म्हटलं तसं. ग्राहकांपर्यंत पोचलेले बरेचसे बग स्क्रीनवरचे नव्हतेच, मागे डेटाबेसमध्ये चुकीची नोंद पडलेली आणि स्क्रीन मात्र हिरवीगार. म्हणजे माझा कोरा चौकोन तिथे होता, मी वरून बघून पास म्हणत होतो.

तर तीन महिने एसक्यूएल आणि प्लेराइट, बाकी काही नाही. पाच तासांपैकी तीन हाताने करायचे, एक वाचायचा, एक राखीव कारण काहीतरी होतंच. पुढची मोजणी तीन महिन्यांनी, कॅलेंडरला लावलीय. फोल्डर डिलीट करायचा धीर झाला नाही अजून.

रिकामटेकडा भाऊ, तुम्हीपण प्लेराइट सुरू करताय तर बरोबर करू का? मला कोड येत नाही आणि तुम्हाला येतो, मला एपीआयचं थोडं येतं. व्यक्तिगत निरोप टाकलाय.

आणि एक अडलंय. काल रात्री पहिली टेस्ट लिहिली, लॉगिनची, सहा ओळींची. दहा वेळा चालवली तर नऊ वेळा हिरवी आणि एकदा लाल, आणि कधी लाल होईल याचा नेम नाही. पाच सेकंद थांबवून ठेवायचा भयंकर मोह होतोय.

शून्य_प्रहर:

हात मागे घे. लॉगिन दाबल्यावर तू नेमकं कशाची वाट बघतोयस, पत्ता बदलायची की पुढच्या पानावरचं काहीतरी दिसायची? वेगळा धागा काढ, पूर्ण एरर टेक्स्टमध्ये चिकटव, फोनने काढलेला स्क्रीनचा फोटो नको.

रिकामटेकडा_सध्या:

धागा काढायच्या आधी मला पाठव. निरोप वाचला, आज रात्री नऊला बसू.